१२३४५६७८९८७६५४३२१ : एका मोठ्या संख्येचा अभ्यास आणि नवाचा ताळा

गणित हा विद्वानांचा विषय, आपल्यासारख्यांचा नव्हे, अशी एक समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. दहावीला गणितात पस्तीस गुण पडले की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि मुलगा किंवा मुलगी पुढे कला शाखेकडे वळते. अनेकदा हे वळणे कलेच्या ओढीने नसते, गणिताच्या धास्तीने असते. आम्ही स्वतः कला शाखेचेच पदवीधर आहोत. पोटापाण्याची सोय मात्र बँकेत झाली आणि त्यामुळे दिवसातील बराचसा वेळ आकड्यांच्या संगतीत जातो. या संगतीतून आमचे जे मत बनले ते येथे प्रथमच नमूद करतो. संख्या ही अत्यंत न्यायी वस्तू आहे. ती कोणाचे गाव विचारत नाही, कोणाचे आडनाव विचारत नाही. नियम पाळून जो तिच्याकडे जाईल त्याला ती एकच उत्तर देते, मग तो पाटीवर लिहीत असो की संगणकावर.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच मोठी पूर्ण संख्या घेतली आहे. तिचे गुणधर्म पाहत पाहत आपण नऊ या अंकाच्या एका जुन्या युक्तीपर्यंत जाणार आहोत, आणि ती युक्ती आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या हिशोबाला कशी लावता येते तेही पाहणार आहोत. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला कळेल इतकेच गणित यात आहे. वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी, एवढी मात्र नम्र विनंती आहे.

१. संख्या वाचावी कशी?

आपली संख्या आहे १२३४५६७८९८७६५४३२१. हिच्यात सतरा अंक आहेत. एकपासून नऊपर्यंत चढत जावे आणि नवावरून पुन्हा एकपर्यंत उतरावे, अशी तिची रचना आहे. डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच राहते.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाईल. कोटीच्या भाषेत सांगायचे तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव इतके कोटी, आणि वर शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. तोंडाला फेस यावा असेच हे वाचन आहे. म्हणूनच आपल्या पूर्वसूरींनी प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव दिले होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात अशी अठरा स्थाने सांगितली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येतील सर्वांत डावीकडचा १ हा सतराव्या स्थानी, म्हणजे 'मध्य' या स्थानी येतो. मधला ९ हा नवव्या, म्हणजे अर्बुद या स्थानी आहे. अर्बुद म्हणजे आपल्या बोलीतील दहा कोटी.

मोठ्या संख्यांना नावे देण्याचा हा छंद त्याहूनही जुना आहे. 'ललितविस्तर' या संस्कृत बौद्ध ग्रंथात राजपुत्र सिद्धार्थाची विवाहापूर्वी जी परीक्षा घेतली जाते तीत गणिताचीही परीक्षा आहे. अर्जुन नावाचा गणकमहामात्र कोटीच्या पुढील शंभरपटीने वाढत जाणारी संख्यानामे विचारतो. शंभर कोटी म्हणजे एक अयुत, शंभर अयुत म्हणजे एक नियुत, अशा क्रमाने सिद्धार्थ थेट 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत जातो. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. (वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की 'अयुत' या शब्दाची किंमत दोन ग्रंथांत वेगवेगळी आहे. जुन्या संख्यानामांच्या बाबतीत असे अनेकदा घडते, म्हणून ग्रंथ कोणता हे आधी पाहावे.) या कथेकडे कोणी कोणत्याही दृष्टीने पाहो, एवढे खरे की ज्या समाजात ती रचली गेली त्या समाजात मोठी संख्या मोजता येणे हे सुशिक्षित माणसाचे लक्षण मानले जात होते.

आता आपली संख्या किती मोठी आहे त्याचा अंदाज घेऊ. एका सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, कोणी नोटा मोजू लागला तर एक कोटी नोटा मोजण्यास सुमारे ११६ दिवस लागतील. आपल्या संख्येइतक्या नोटा मोजण्यास मात्र सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. म्हणजे या संख्येची मोजदाद कोणालाही करता येणार नाही. तरीही तिच्याविषयी नेमक्या गोष्टी सांगता येतात, आणि गणिताचे सामर्थ्य नेमके येथेच आहे.

२. ही संख्या आली कोठून?

पुढील गुणाकार करून पाहावेत.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याच रीतीने नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला की आपली १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते.

असे का होते? १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो. पहिली १११, दुसरी एक घर डावीकडे सरकवून १११, तिसरी आणखी एक घर सरकवून १११. या ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून १२३२१. नऊ ओळी मांडल्या तर मधल्या घरात नऊ वेळा १ येतो आणि चढण नवापर्यंत जाते.

मग दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर? मधल्या घरात दहा एक येतात. दहा हा एका घरात मावत नाही, त्याचा हातचा एक शेजारी जातो. शेजारच्या घरात नऊ असतात, त्यांचे दहा होतात. पुन्हा हातचा एक, तो आठला मिळून नऊ होतात. म्हणून उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये आली. ज्याला हातचा समजला त्याला ही मोडतोडही समजली. नियम कोठे टिकतो आणि कोठे, का मोडतो, हे सांगता येणे म्हणजेच गणित येणे असे आमचे मत आहे.

३. देवळालीचे कापरेकर मास्तर

अशा संख्यांचा ध्यास घेतलेला एक मराठी माणूस होऊन गेला. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, मोठे पद नाही. खडू, फळा, वही आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यांनी संख्यांचे नवनवे प्रकार शोधून काढले.

१, १२१, १२३२१ या मालिकेतील संख्यांना त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो हे त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील स्थानक. तेथे या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्या स्थानकाचे नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले. आपली सतरा अंकी संख्या ही या मालिकेतील नववी. आधी पाहिल्याप्रमाणे दहाव्या वर्गाला चढ-उताराची ही रचना मोडते, म्हणून आपली संख्या हे या जिन्याचे शिखर मानण्यास हरकत नाही.

कापरेकरांच्या कामाची आपल्याकडील विद्वानांनी बराच काळ फारशी दखल घेतली नाही. पुढे अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर गेले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज जगातील गणिताच्या पुस्तकांत 'कापरेकर संख्या' आणि 'कापरेकर स्थिरांक' हे शब्द रूढ आहेत. कापरेकर संख्येचे एक सोपे उदाहरण देतो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७.

४. संख्येचे अवयव आणि तिचा 'हर्ष'

आता आपल्या संख्येच्या पोटात शिरू. १११११११११ ला ९ ने भागले तर १२३४५६७९ येतात. येथेही आठ गैरहजर आहे, हे चाणाक्ष वाचकांनी टिपलेच असेल. या संख्येला ९ च्या पाढ्यातील कोणत्याही संख्येने गुणून पाहावे. १२३४५६७९ × १८ = २२२२२२२२२, आणि × ६३ = ७७७७७७७७७. शाळेच्या स्नेहसंमेलनात करून दाखवावी अशी ही गंमत आहे.

१२३४५६७९ ला पुढे ३७ ने भाग जातो आणि भागाकार येतो ३३३६६७, जी मूळ संख्या आहे. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या ही याचा वर्ग असल्यामुळे तिच्यात ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो.

यावरून तिला किती संख्यांनी निःशेष भाग जातो तेही मोजता येते. ३ एकदाही न घेणे, एकदा, दोनदा, तीनदा किंवा चारदा घेणे, असे पाच पर्याय. ३७ साठी तीन पर्याय आणि ३३३६६७ साठी तीन. ५ × ३ × ३ = ४५. म्हणजे एवढ्या अवाढव्य संख्येचे विभाजक फक्त ४५. ही विषम संख्या आहे. एरवी विभाजक जोडीने येतात, पण वर्गसंख्येत वर्गमूळाची जोडी स्वतःशीच जमते, म्हणून वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते.

आता अंकांची बेरीज करा. १ ते ९ ची बेरीज ४५, आणि उतरताना ८ ते १ ची बेरीज ३६. एकूण ८१. ८१ ने आपल्या संख्येला भाग जातो का? ३ हा अवयव चार वेळा आहे आणि ३ × ३ × ३ × ३ = ८१, म्हणून जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद संख्या' म्हटले आहे. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. आपली संख्या ही एक हर्षद संख्या ठरली. १८ ही छोटी हर्षद संख्या, कारण १ + ८ = ९ आणि १८ ला ९ ने भाग जातो.

५. नवाचे रहस्य

अंकांची बेरीज आणि ९ यांचे हे नाते आले कोठून? दहा म्हणजे ९ + १. शंभर म्हणजे ९९ + १. हजार म्हणजे ९९९ + १. म्हणून दहा, शंभर, हजार यांपैकी कशालाही नवाने भागले तर बाकी १ उरते. ७०० ला नवाने भागले तर बाकी ७, आणि ४० ला भागले तर बाकी ४. त्यामुळे ७४५ ला नवाने भागून उरणारी बाकी ही ७ + ४ + ५ = १६ ला नवाने भागून उरणाऱ्या बाकीइतकीच असते, म्हणजे ७. भागाकार करण्याची गरजच नाही. अंक मिळवत जावे, एक अंक उरेपर्यंत. ९ आले तर बाकी शून्य समजावी.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. त्याच अंकांची जागा बदलून दुसरी संख्या केली तर अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवाची बाकीही बदलत नाही, आणि म्हणून त्या दोन संख्यांच्या वजाबाकीला नवाने निःशेष भाग जातोच.

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध, १९४९ सालचा, याच वाटेवर आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

६१७४ वर हीच क्रिया पुन्हा केली की पुन्हा ६१७४. तेथून सुटका नाही. कोठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. वरील सातही उत्तरांच्या अंकांची बेरीज करून पाहा, प्रत्येक वेळी १८ किंवा २७ येईल. कारण आपण नुकतेच पाहिले, अंक तेच आहेत, जागा तेवढ्या बदललेल्या आहेत.

६. नवाचा ताळा आणि कोयत्याचा हिशोब

आता ही विद्या व्यवहारात उतरवू. जुने लोक बेरीज-गुणाकार झाल्यावर 'नवाचा ताळा' घेत असत. आजच्या विद्यार्थ्यांच्या हातात मोबाईल असल्यामुळे ही रीत मागे पडली आहे. पण मोबाईलवर बोट चुकले तर चुकलेले उत्तरही तितक्याच दिमाखात दिसते, हे लक्षात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, फडावर असताना आठवड्याची खर्ची मिळते, आणि शेवटी तोडलेल्या टनांचा हिशोब होऊन उचल फिटली की अंगावर बाकी राहिली ते ठरते. हा सगळा हिशोब बहुधा एकाच वहीत असतो आणि ती वही दुसऱ्याच्या हातात असते. प्रत्येक मुकादम लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा तोही आपल्याच गावचा आणि वरच्या उचलीखाली दबलेला असतो. पण चूक मुद्दाम झालेली असो की नजरचुकीने, तिचा भार कोयत्यावर पडतो आणि बाकी राहिली की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला जातो. अशा घरातील सातवीतल्या मुलीला नवाचा ताळा येत असेल तर तो त्या घराच्या उपयोगाचा आहे.

(अ) बेरजेचा ताळा. समजा चार आठवड्यांची खर्ची अशी लिहिली आहे : १२७५, १८६०, ९४५, २३१८. एकूण ६३९८. आता प्रत्येकीची नवाची बाकी काढा. १२७५ ची ६, १८६० ची ६, ९४५ ची शून्य, २३१८ ची ५. यांची बेरीज १७, म्हणजे ८. एकूण रकमेचे अंक ६ + ३ + ९ + ८ = २६, म्हणजे ८. ताळा जुळला. कोणी एकूण ६४९८ लिहिले असते तर बाकी शून्य आली असती आणि चूक लगेच उघडी पडली असती.

(आ) गुणाकाराचा ताळा. समजा टनाला ३६५ रुपये दराने ४७ टनांचे १७,१५५ रुपये लावले. ३६५ ची बाकी ५, ४७ ची बाकी २. ५ × २ = १०, म्हणजे १. आणि १७१५५ चे अंक मिळवले तर १९, म्हणजे १०, म्हणजे १. जुळले.

(इ) अंकांची अदलाबदल. लिहिताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ५४ च्या जागी ४५. वरच्या दराने नऊ टनांचा हा फरक ३,२८५ रुपयांचा होतो. नवाच्या ताळ्याला ही चूक दिसत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते. परंतु तिचा माग काढण्याची दुसरी युक्ती आहे, जी बँकेत जुन्या हातांकडून नव्यांना तोंडी मिळत आली आहे. दोन बाजूंच्या बेरजांत फरक पडला आणि त्या फरकाला नवाने भाग गेला, तर आधी अदलाबदल झालेले अंक शोधावेत. फरक २७ असेल तर २७ ÷ ९ = ३, म्हणजे एकं-दहं स्थानी असे दोन अंक पाहावेत ज्यांच्यात तीनचे अंतर आहे, जसे ४१ चे १४ किंवा ८५ चे ५८. फरक ५४० असेल तर तो ९० × ६ आहे, म्हणजे दहं-शतं स्थानी सहाचे अंतर असलेले अंक. ५०० च्या जागी ५० लिहिले गेले तरी फरक ४५० पडतो, त्यालाही नवाने भाग जातो. शेकडो नोंदी पुन्हा तपासण्यापेक्षा हा फरकच आपल्याला चुकीच्या दाराशी नेऊन सोडतो.

(ई) अकराचा ताळा. अदलाबदल पकडणारा ताळा हवा असेल तर अकराचा घ्यावा. उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. उत्तर ऋण आले तर त्यात ११ मिळवायचे. वरच्या उदाहरणात १२७५ साठी ५ – ७ + २ – १ = –१, म्हणजे १०. १८६० साठी १, ९४५ साठी १० आणि २३१८ साठी ८. बेरीज २९, त्यातून २२ गेले, उरले ७. एकूण ६३९८ साठी ८ – ९ + ३ – ६ = –४, म्हणजे ७. जुळले. वहीत ६३९८ च्या जागी ६९३८ लिहिले असते तर नवाचा ताळा गप्प राहिला असता, पण अकराचा ताळा ७ च्या जागी ८ दाखवून बोलला असता.

आपल्या मूळ संख्येलाही हा ताळा लावून पाहू. १ – २ + ३ – ४ असे करत सतराही अंक घेतले तर शेवटी १ उरतो. तिचे वर्गमूळ १११११११११ याचीही अकराची बाकी १ आहे, आणि १ × १ = १. एवढ्या मोठ्या गुणाकाराचा ताळा अर्ध्या मिनिटात होतो.

ताळ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ताळा जुळला नाही तर चूक नक्की आहे. जुळला तर मात्र उत्तर बरोबर असण्याचा संभव मोठा आहे, खात्री नाही. भलतेच उत्तरही नवाच्या ताळ्यातून सरासरी नवात एकदा निसटू शकते. दोन्ही ताळे घेतले तर ही शक्यता नव्व्याण्णवात एक इतकी कमी होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ताळा बेरीज तपासतो, नोंद तपासत नाही. जी खर्ची दिलीच नाही ती वहीत लिहिली असेल तर तिचाही ताळा बिनचूक जुळेल. म्हणून घरात आपली स्वतःची एक वही असावी, खर्ची मिळाली की त्याच दिवशी तारखेसह नोंद करावी, आणि वजनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. गणित आणि पावती या दोन्ही गोष्टी हातात असल्या तरच हिशोब विचारता येतो.

७. आजच्या काळातील ताळे

ही विद्या जुनी झाली असे कोणी समजू नये. आपल्या खिशातील आधार कार्डाचा क्रमांक बारा अंकी आहे. त्यातील शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून ठरलेला ताळ्याचा अंक असतो. व्हेरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने तो काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले तर संगणक क्रमांक स्वीकारत नाही, त्याचे कारण हेच. बँकेच्या एटीएम कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा अंकही ताळ्याचाच असतो, त्याची रीत लून या तंत्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पुस्तकाच्या मागे छापलेल्या जुन्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकात तर अकराचाच ताळा आहे. बाकी दहा आली तर ती एका घरात मावत नाही, म्हणून तेथे रोमन लिपीतील दहाची खूण छापतात. काही पुस्तकांच्या क्रमांकाच्या शेवटी फुलीसारखे अक्षर का असते, याचा उलगडा आता वाचकांना झाला असेल.

८. स्वाध्याय

(१) १२३४५६७९ × ५४ किती? आधी अंदाज करा, मग गुणाकार करा.
(२) दोन बाजूंच्या बेरजांत ६३ रुपयांचा फरक पडला आहे. कोणत्या स्थानांवरील, किती अंतराचे अंक उलटे झाले असण्याचा संभव आहे?
(३) स्वतःचे जन्मवर्ष घेऊन ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते काढा. घरातील प्रत्येकाचे काढा.
(४) १ ते १०० मधील हर्षद संख्यांची यादी करा.
(५) घरातील किराणा दुकानाचे बिल घेऊन त्यावर नवाचा आणि अकराचा असे दोन्ही ताळे लावा.

विद्यार्थी मित्रहो, कापरेकर मास्तरांनी जे केले त्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक फडावर उपलब्ध आहे. साखरशाळेत शिकणाऱ्या किंवा हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाजवळ पुस्तके कमी असतील, शाळेचे दिवस तुटक असतील, पण संख्या त्याच्याबरोबर फडावर जातात आणि त्याच्याबरोबर परत येतात. त्यांना भाडे लागत नाही. पालकांनीही मुलांना पाढे पाठ आहेत का एवढेच विचारून थांबू नये. हिशोबाची वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि ताळा घ्यायला सांगावा. मुलीला तर आवर्जून सांगावा, कारण कोयता जोडीचा असतो आणि हिशोब मात्र बहुधा नवऱ्यालाच ऐकवला जातो.

प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्यातून अर्धा तास एका संख्येसाठी राखून ठेवावा, एवढीच सूचना करून हा लेख पुरा करतो. पहिल्या आठवड्यासाठी सतरा अंकी संख्या वर दिलेलीच आहे.